मी, उघडं बांधून ठेवलेलं फाटक

मी एक जुनं तारेचं फाटक आहे. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळावर, वरचं आणि खालचं कुरण वेगळं करणाऱ्या कुंपणात माझी जागा आहे. मित्रांनो, आत्मवृत्त सांगताना गोड बोलावं अशी रीत असते. पण माझ्या अंगावर काटे आहेत आणि यंदा डोक्यात रागही आहे, तेव्हा गोडाची अपेक्षा ठेवू नका.

मला इथल्या गुरांच्या मालकानं, ऑरिननं बनवलं. चार काटेरी तारा, त्यांना ताठ धरणाऱ्या काही काठ्या आणि टोकाला एक देवदाराचा खांब. बिजागरी नाही, कडी नाही. तो खांब छातीशी कवटाळायचा, खांद्यानं रेटायचा आणि तारेच्या फासात अडकवायचा. भलेभले माझ्याशी झोंबून, शर्ट फाडून घेऊन, शिव्या घालत गेले आहेत. ऑरिनची लेक डार्सी लहान होती. तिला मी पहिल्यांदा बंद करता आलो, तेव्हा ऑरिननं तिची पाठ थोपटली आणि माझीही. असं ताठ फाटक या डोंगरात दुसरं नाही, असं तो म्हणाला होता. ते कौतुक मी अजून विसरलो नाही.

त्याच दिवशी त्यानं तिला इथला कायदा सांगितला.

"पोरी, फाटक जसं दिसलं तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. ज्यानं ठेवलंय त्याला थोडीफार अक्कल असेल, असं धरून चालायचं."

हा माळ सरकारी. इथं गुरं चारण्याचा हक्क ऑरिनच्या घराकडे, आणि हरणांच्या मोसमात परवाना काढणाऱ्या कुणालाही शिकारीची मुभा. म्हणजे गुरंही इथंच, हरणंही इथंच आणि नारिंगी टोप्या घातलेले बंदूकवालेही इथंच. वर्षानुवर्षं हे जमून गेलं. शिकारी कायदा पाळायचे. तो लिहिलेली एक पाटीही माझ्याशेजारी होती. तिच्यावर कुणीतरी बंदुकीचा नेम तपासून घेतला. आता तिची चाळण झाली आहे. वाचायला अक्षर शिल्लक नाही, वारा आला की नुसती शिट्टी वाजते. धन्य आहे!

यंदाच्या शरदात वरच्या कुरणातला झरा आटला. वर गवत भरपूर, पण पाण्याचा थेंब नाही. पाणी फक्त खाली, टेकाडापलीकडच्या, पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीच्या हौदात. म्हणून डार्सीनं मला सताड उघडलं, मागं ओढून कुंपणाला लावलं आणि निळ्या सुतळीनं पक्की गाठ मारली. ऑरिन आता थकलाय, सगळं काम तिच्या एकटीवर. मग ती निश्चिंत मनानं डोंगराच्या पलीकडच्या अंगाला राहिलेली गुरं गोळा करायला काही दिवसांसाठी गेली.

पर्ल नावाची म्हातारी गाय कळपाची पुढारी. ती रोज वासरू घेऊन माझ्यातून खाली जायची, मागोमाग सगळा कळप. पाणी पिऊन परत वर. छान चाललं होतं.

आणि मग आले व्हिटमर. शिकारीला आलेले शहरातले गृहस्थ, स्वच्छ बूट, स्वभावानं सज्जन. गुरं तेव्हा वर चरत होती. व्हिटमरांनी मला उघडं पाहिलं आणि जिभेनं च्‌ च्‌ केलं. कसली बेफिकीर माणसं असतात, असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी सुतळीची गाठ सोडली, सुतळी खिशात घातली आणि घाम गाळून मला बंद केलं. वर हात झटकून समाधानानं हसले.

अहो, वाऱ्यानं उघडलेलं फाटक स्वतःला गाठ मारून घेतं का? एवढा साधा प्रश्न त्या शिकल्यासवरल्या डोक्यात येऊ नये? अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं तर बैल दुसऱ्याचा होता.

पुढचं ऐकून तुम्हालाही चीड येईल. त्यानंतर जे शिकारी आले, ते सगळे कायदा पाळणारे. त्यांना मी बंद दिसलो, म्हणून त्यांनी मला बंदच ठेवलं. तहानलेली गुरं माझ्यापाशी दाटीवाटीनं उभी राहून हंबरत होती. हे शिकारी त्यांना टोप्यांनी हुसकायचे, आपल्यापुरती वाट काढायचे आणि मला नीट लावून जायचे. दोष कुणाला द्यायचा? चूक एकाची, आणि बाकीच्यांच्या शिस्तीनं ती जपून ठेवली.

हरणांना माझी फिकीर नव्हती. लांब कानांची ती हरणं कुंपणावरून सहज उडी मारून पाण्यावर जायची. गुरांनी ते बघायचं आणि इकडंच कोरड्या जिभेनं तार चाटत राहायचं. व्हिटमर टेकाडापलीकडे हौदाजवळ दबा धरून बसले होते. हंबरणं त्यांच्याही कानावर जात होतं. पण या दिवसांत वासरं आयांपासून तोडतात आणि गुरं हंबरतात, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. अर्धवट माहिती माणसाला किती निर्धास्त करते बघा.

शेवटी एका सकाळी पर्लनं मला धडक दिली. पुन्हा दिली. ऑरिननं मला ताठ बनवलं होतं ना? मी ताठच राहिलो. ज्या काट्यांचं एवढं कौतुक झालं, तेच तिच्या गळ्यात शिरले. मला तुटायचं होतं हो! पण फाटकाच्या मनाला कोण विचारतो? ती माझ्या पायाशी बसली, आणि मग उठली नाही.

त्याच सकाळी हौदाशी बंदूक वाजली. जखमी नर धावत आला, माझ्यावरून उडी मारून पलीकडे गेला आणि कोसळला. मागून व्हिटमर तारांमधून वाकून आले. नियमाप्रमाणे त्यांनी लगेच परवान्याची चिठ्ठी हरणाच्या शिंगाला बांधली. बांधायला काय घेतलं? खिशातली निळी सुतळी.

डार्सी वरून घोड्यावर आली ती तेव्हाच. ती उतरली आणि तिनं पर्लच्या मानेवर हात ठेवला. वासरू तिथंच ढुश्या देत होतं. व्हिटमरांनी टोपी काढली.

"वाईट झालं, बाई. कुणीतरी मूर्खानं हे फाटक उघडं टाकलं होतं. बरं झालं, मी बघितलं आणि लावून घेतलं."

डार्सीची नजर हरणाच्या शिंगावर गेली होती.

"ती सुतळी माझी आहे," ती म्हणाली. "तो मूर्ख म्हणजे मी. पाणी खाली आहे."

व्हिटमरांचा चेहरा राखेसारखा झाला. काय करू, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

"आधी खांब धरा. रडायचं ते नंतर."

दोघांनी मिळून मला उघडलं. कळप पर्लला वळसा घालून खाली धावला. वासरू जाईना. व्हिटमरांनी त्याला उचलून हौदापर्यंत नेलं. स्वच्छ बूट शेणात भरले. परत येऊन त्यांनी शिंगाची सुतळी सोडली आणि डार्सीच्या हातात दिली. तिनं मला पुन्हा उघडं बांधलं.

मित्रांनो, तुमच्या मनात चांगलं करायचं येईल, जरूर करा. पण दुसऱ्यानं मारलेली गाठ सोडण्याआधी ती का मारली, हे विचारा. विचारायला कुणी नसेल तर हात खिशात ठेवा. माझ्या दुसऱ्या तारेच्या काट्यात पर्लचे तांबडे केस अजून अडकलेले आहेत. डार्सीनं ते काढले नाहीत.