काळ्या कापडाखालचे नाव

मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे. मित्रांनो, माझ्या पोटात पाच वर्षांच्या सिरिलचा विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा असे. पण मी आयुष्यभर सांभाळली ती एक भीती.

युद्ध तोंडावर आले आणि लंडनची मुले आगगाड्यांनी खेड्यांत धाडली जाऊ लागली. सिरिल टॅपलीबाईंचा मुलगा नव्हता. त्याची आई, शेजारची हॉबडे, तो तान्हा असताना हिवाळ्यात वारली, तेव्हा त्यांनी त्याला कागदपत्रांवाचून घरी आणले होते. निघण्याच्या सकाळी त्यांनी माझ्यावरच्या ‘हॉबडे’वर पिठाच्या खळीने ‘टॅपली’ची चिठ्ठी चिकटवली आणि आपल्या दहा वर्षांच्या मुलीला, हेटीला, जवळ ओढले.

“ही चिठ्ठी निघाली तर सख्खी भावंडं नाहीत म्हणून त्याला दुसऱ्या गावी नेतील. त्यालासुद्धा सांगायचं नाही.”

वेल्समधल्या त्या गावात प्रॉसरबाईंनी दोघांना घरी नेले. वाटेतल्या पावसाने माझी चिठ्ठी कोपऱ्यात सुटली. दर शनिवारी गेथिन नावाचा पहारेकरी मुखवट्यांचे खोके तपासायला येई. हेटी अंगठ्याने तो कोपरा दाबून धरी, आणि तिची भीती माझ्या पुठ्ठ्यात उतरे. एका शुक्रवारी तिने ताटलीतली ओटची लापशी चोरून चिठ्ठीखाली लावली.

सकाळी ती पाहते तो लापशीच्या वासाने उंदरांनी चिठ्ठी कुरतडून नेलेली. ‘हॉबडे’ उघडे पडले होते आणि फाटकाची कडी वाजत होती.

प्रॉसरबाईंनी मला उचलले. वाचले. बाईंनी रात्री विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडक्या झाकून उरलेले काळे कापड काढले, मला त्यात घट्ट शिवले आणि पांढऱ्या दोऱ्याने ‘टॅपली’ हे नाव घातले. तोवर गेथिन दाराशी ताटकळत होता.

“बाई, नावाची चिठ्ठी खोक्यावर लागते,” तो म्हणाला.

“तुमच्या चिठ्ठ्या पावसात गळतात. टॅपली लिहिलंय. वाचता येतं ना रे तुला?”

गेथिनने आपल्या यादीत खूण केली.

पुढे पंचवीस वर्षांनी हेटीने धीर एकवटून सिरिलला सारे सांगितले. त्याने माझ्या शिवणीवरून बोट फिरवले.

“ताई, मला तेव्हा वाचता येत होतं. ‘हॉबडे’ मीही वाचलं होतं. तू घाबरशील म्हणून बोललो नाही.”

मित्रांनो, माळ्यावर एखादी जुनी वस्तू सापडली तर तिची शिवण उसवण्याआधी घरातल्या थोरांना विचारा. कात्रीचा आवाज आला की मी अजूनही आक्रसतो.