बटण कोणी पाडलं

पाणीवापर संस्थेच्या यादीतून धनगरवाड्यावरची एकतीस नावं उडाली, आणि बालंट आलं वृषालीवर. का, तर कॉम्प्युटरवर बसते ती. निवडणूक बारा दिवसांवर. यादीत नाव नाही त्याला मत नाही, आणि मत नाही त्याच्या वावराला कालव्याचं पाणी कधी मिळायचं ते चेअरमनच्या मर्जीवर. हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण चेअरमन चांगदेवआण्णांना म्हणे काहीच कळत नव्हतं.

"मी त्या डबड्याला आजवर हात लावला न्हाई," आण्णा चारचौघांत छाती काढून सांगत. "पासवर्ड हिलाच ठाऊक. आता पोलिसात तक्रार देतो आन हिला घरी बसवतो."

पासवर्ड हिलाच ठाऊक! वृषालीच्या अंगाचा तिळपापड झाला. आण्णांच्याच हुकमानं तो पासवर्ड कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता, गेल्या दिवाळीपासून. ऑफिसच्या किल्ल्या दोन. एक तिच्याकडे, दुसरी आण्णांच्या करगोट्याला. पण हे बोलायचं कोणी? कमिटीतले बाकीचे सहा जण नंदीबैल. आण्णांनी गुबूगुबू केलं की माना हलवायच्या.

बोलला तो एकटा सोनबा. एकतीस नावांत पहिलं नाव त्याचं. मेंढरं विकून चार वर्षांपूर्वी वावर बागायत केलेला माणूस. त्यानं तालुक्याला अर्ज टाकला, आणि वरच्या ऑफिसानं पुण्याहून आदेश नावाचा तपासनीस धाडला. आण्णा खूश. पोरगी आता कागदावर पकडली जाणार म्हणून त्यांनी स्वतः चहा सांगितला, वर बिस्किटंही.

आदेशनं बिस्किटाला हात लावला नाही. आधी त्यानं डिस्कची नक्कल काढून पिशवीत टाकली. मग कमिटीला बघता यावं म्हणून त्याच मशीनवर एक लांबलचक यादी उघडली.

"हे मशीन स्वतःची रोजनिशी लिहितं," तो म्हणाला. "कधी चालू झालं, कधी बंद झालं, नीट बंद झालं की मधेच करंट तुटला. सगळं."

आण्णांचा चहा बशीतच राहिला. पण माणूस खमक्या. बोट लावत वाचू लागले आणि एकदम ओरडले, "ही बघा, लाल फुली! मंगळवार सकाळ, नऊ वाजून दोन मिनिटं. हिचीच येळ! काय गं, आता बोल की!"

मंगळवारी नऊला मशीन वृषालीनंच चालू केलं होतं. आता नोकरीही जाणार आणि वर गावभर चोर म्हणून नाव होणार.

"तारखेखालचं वाचा," आदेश शांतपणे म्हणाला. "मशीननं मंगळवारी नोंद केली ती आदल्या दिवसाची. सोमवारी संध्याकाळी सहा चाळीसला चालू झालं, सात बाराला अचानक बंद पडलं. नीट बंद केलेलंच नाही. आणि यादीची फाईल बदलली सात वाजून नऊ मिनिटांनी."

सोमवार! सोमवारी बेल्ह्याचा बाजार, ऑफिसला सुट्टी. वृषाली डिंभ्याला मावशीकडे होती, पण मावशीची साक्ष कोण धरतो?

"मी तर बेल्ह्याला व्हतो, बैल बघत," आण्णा घाईनं म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "ही आली आसंल गुपचूप. काम चाललं आसंल आन लाईट गेली आसंल. त्यात काय?"

"लाईट?" सोनबा दारातून आत आला. "आण्णा, सोमवारी सहाला लाईट आली ती नऊला गेली. धोंडाबाईच्या गिरणीत आठपतूर बाजरी दळीत हुबा व्हतो मी. आर्धं गाव व्हतं. इचारा."

सहा माना पहिल्यांदा हलायच्या थांबल्या.

"मी रोज मशीन नीट बंद करते," वृषाली म्हणाली. "लाईट जायच्या आधी दहा मिनिटं. मी लागल्यापासूनचं, आठ महिन्यांचं तपासा. करंट आपोआप तुटला नसेल, तर कोणीतरी भिंतीवरनं तोडला."

"लई शानी झालीस! बास झाला हा तमाशा," आण्णा उठले. "बंद करा ते डबडं!"

आणि कोणी हलायच्या आत त्यांनीच भिंतीवरच्या बोर्डाशी जाऊन खटकन बटण पाडलं. विहिरीवरची मोटार बंद करावी तसं. पडदा काळा झाला.

सोनबाला हसू फुटलं, त्यानं मुंडाशाचं टोक तोंडात कोंबलं. आण्णांचा हात अजून बोर्डावरच होता. आजवर हात न लावलेल्या माणसाला बरोबर सोळा बटणांतलं चौथं सापडलं होतं!

आदेशनं तेच बटण वर केलं. मशीन कुरकुरत उठलं. रोजनिशीत सोमवारच्या फुलीसारखीच नवी फुली उमटली होती: आज, अकरा चाळीस, अचानक बंद.

वृषालीनं दोन्ही फुल्या एकाच कागदावर छापल्या, कागद आण्णांपुढे ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"आण्णा, दुसऱ्या फुलीपुढं सही करा," ती म्हणाली. "पहिलीपुढं तुम्ही सोमवारीच केलीय."