शंभर किलोला एक किलो

बरणी दोन बोटं उतरली होती. मास्तरांनी ती फडताळातून काढली, उजेडात धरली, परत ठेवली आणि परत काढली.

"यातली पूड कुठं गेली?"

"घेते की रोज, सकाळी दुधातून," बायको भांडी पुसता पुसता म्हणाली. "तुम्हीच तर आणलीत."

मास्तर मटकन खाली बसले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. रबराच्या कारखान्यात सव्वीस वर्षं रबर मळणाऱ्या मिक्सिंगच्या रुळांपाशी उभे, नवा कामगार त्यांच्याच हाताखाली शिकणार, म्हणून मास्तर. घरात मात्र त्यांच्या कामाला काडीची किंमत नव्हती. काळे कपडे वेगळे धुवायचे, एवढाच बायकोचा रबराशी संबंध.

तीन आठवड्यांपूर्वी तिला फार थकवा येतो म्हणून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "लोखंड गंजतं ना, तशी शरीराचीही झीज चालू असते. ती आवरायला अँटिऑक्सिडंट लागतात. गाजर, संत्री, पपई, हिरव्या भाज्या रोज पोटात जाऊ द्या."

तो शब्द ऐकला आणि मास्तरांची कळी खुलली. घरी येईपर्यंत त्यांचं तोंड बंद नव्हतं. "अगं, हे तर आमच्याकडे पोत्यानं पडलेलं असतं. शंभर किलो रबराला एक किलो टाकायचं. नाही टाकलं तर हवेनंच भेगा पडतात. टाकलं की दहा वर्षं बघायला नको." बायको चक्क ऐकत होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांना काय करू नि काय नको असं झालं. दुसऱ्या दिवशी ते तपकिरी पूड बरणीत भरून घेऊन आले. "घे, खात जा चिमूटभर. सुरकुती पडायची नाही," असं म्हणून पोटभर हसले. तीही हसली. झालं, मास्तर विसरून गेले.

"अगं, मी थट्टा केली होती," ते आता म्हणाले.

"थट्टेसाठी कोण बरणी भरून आणतं?" ती म्हणाली. "आणि मी जपूनच घेतली हो. मी साठ किलोची. तुमच्या हिशेबानं सहाशे ग्रॅम झाली असती."

त्यांनी तिला खिडकीशी ओढलं. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत होता. कधीपासून, ते त्यांना सांगता आलं नसतं. रोज समोर बसून जेवत होते, पण पाहिलं कुठं होतं.

तिला दवाखान्यात दाखल करून ते तसेच कारखान्यात धावले, कारण डॉक्टरीणबाईंना पुडीचं खरं नाव हवं होतं. पोत्याचा छापील तुकडा कापून आणला. बाईंनी तो वाचला. "पोटात गेल्यास अपायकारक. लिहिलंय की इथं." ती ओळ पोत्याच्या शिवणीलगतच होती. मास्तरांची सुरी सव्वीस वर्षं रोज तिच्यावरूनच फिरत आली होती.

"ही घ्यायला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही," बायको चटकन म्हणाली. "दालचिनीची पूड समजले मी."

बाई लिहू लागल्या. मास्तरांना हायसं वाटलं, आणि वाटलं याचीच त्यांना शरम वाटली.

"खोटं सांगतेय ती," ते म्हणाले. "मी आणली. मीच घे म्हणालो."

बाईंनी लिहिलेलं खोडलं. यकृताला इजा झाली आहे, किती ते आठवड्याभरात कळेल, म्हणाल्या.

बाई गेल्यावर बायको म्हणाली, "संत्रं तरी खाऊ देतील का?"

मास्तरांनी बाहेर जाऊन नर्सला विचारलं. ती हो म्हणाली तेव्हा खालून दोन संत्री आणली. मोरीवर साबणानं हात धुतले. परत धुतले. नखांतली काळी रेघ निघेना, सव्वीस वर्षांत कधी निघाली नव्हती. ते तिसऱ्यांदा साबण लावू लागले.

"असू द्या," ती खाटेवरून म्हणाली. "तसेच या."

त्यांनी फोड सोलून पुढे केली. तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.