कलमाचा चाकू

“पाण्यात काही नाही, मातीत काही नाही.” नर्सरीचे मालक अनिरुद्ध प्रयोगशाळेचा अहवाल वाचत होते. “कुजलेल्या देठात जो जीवाणू आहे, तोच... दशरथकाका, तुमच्या चाकूवर सापडलाय. डीएनए तंतोतंत जुळला.”

दशरथ उभ्या जागी थिजला. तीस वर्षं कलमं कापणारा माणूस! त्याच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे, आणि खोटं कशाला सांगा, तोही मान डोलवायचा. चाकू स्पिरिटमध्ये बुडवायचा तो नवशिक्यांनी, असा त्याचा तोरा. एक देठ कापलं की चाकू पँटला पुसायचा, की लगेच दुसरं.

दोन महिन्यांपूर्वी शोभेची हजारभर रोपं बुडातून सडली, तेव्हा यानंच पाणी घालणाऱ्या बाईकडे बोट दाखवलं होतं. “विजयमालानं पाणी जास्त घातलं.” झालं! त्याच संध्याकाळी तिचं काम सुटलं. ती गेली तरी रोपं सडतच राहिली, म्हणून नमुने पाठवले. “माझा चाकूपण न्या की!” असं हसत हसत म्हणाला होता तोही हाच शहाणा.

“कुणाला सांगत नाही मी,” अनिरुद्ध हळूच म्हणाले. “आपल्यातच राहू द्या.”

त्या मेहेरबानीनं दशरथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तडक बिबवेवाडीला गेला.

विजयमाला चाळीतल्या आपल्या दारात मेथी निवडत होती. त्यानं अडखळत सगळं सांगितलं.

“मला ठाऊक होतं, काका. कुजकं देठ कापून चाकू नुसता पुसायचात तुम्ही. रोज बघत होते.”

“मग बोलली का नाहीस, पोरी?”

“तुमच्यापुढं माझं कोण ऐकणार होतं?”

त्याला तोंड वर करवेना. “चुकलो मी,” असं पुटपुटून तो निघाला.

“थांबा. हे सासूबाईंना सांगा. साधं पाणी घालता आलं नाही म्हणून रोज ऐकवतात मला.”

हिराबाई काठी टेकत बाहेर आल्या. दशरथनं जमिनीकडे बघत सांगितलं.

“मोठ्यानं सांगा,” विजयमाला म्हणाली. “त्यांना कमी ऐकू येतं.”

समोरची दोन दारं उघडली. जिन्यात कुणीतरी थबकलं. दशरथनं टोपी काढून हातात घेतली. “हिचं पाणी बरोबर होतं, हिराबाई! रोपं माझ्या चाकूनं कुजली!”

“काय म्हणता?” हिराबाईंनी कानामागे हात धरला.

दशरथनं पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.