तात्यांच्या नावाचा मेल

नम्रताने लॅपटॉप गादीवर तात्यांच्या बाजूला वळवला आणि मान खाली घालून म्हणाली,

"कुणीच नाही फसलं."

तात्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. हिंदमाताच्या त्यांच्या साड्यांच्या दुकानातल्या माणसांना नम्रताच्या कंपनीने तात्यांच्या नावाने एक खोटा मेल पाठवला होता. अर्थात तात्यांना विचारूनच. मेलमध्ये एक लिंक. ती जो उघडेल तो फसला. उद्या खरा चोर असाच आला तर काय होईल, हे मालकाला दाखवायचं, आणि मालक पुरेसा घाबरला की वर्षभराच्या संरक्षणाच्या कागदावर त्याची सही घ्यायची, असा हा धंदा. परळच्या एका काचेच्या इमारतीतून नम्रता सहा महिने तो करत होती. महिनाअखेरपर्यंत एक तरी सही आणली नाही तर सातवा महिना नाही, असं तिच्या साहेबांनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं होतं.

"म्हणजे माझी माणसं हुशार निघाली," तात्या म्हणाले. "मग तुमचं काय काम?"

काउंटरवरचा मनू हसला. बिलं, कॉम्प्युटर आणि दुकानातल्या बातम्या ही तिन्ही खाती त्याच्याकडे होती.

"हुशार कसले, तात्या. मॅडम, तुम्ही लिहिलंत काय? 'प्रिय सहकारी, कृपया.' तात्यांनी जन्मात कुणाला कृपया म्हटलंय? आपला राकेश तर तुम्हाला बरं नाही समजून डॉक्टरला फोन लावत होता."

"काम कर गाढवा," तात्या म्हणाले.

नम्रताने आणखी एक संधी मागून घेतली आणि तो सबंध दिवस दुकानातच काढला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तिने तात्यांचं बोलणं वहीत टिपून घेतलं. दुपारपर्यंत 'गाढवा' नऊ वेळा झालं, 'कुठे मेलास' सहा वेळा. पण ज्याच्यावर ओरडले, त्याला दहा मिनिटांच्या आत तात्या विचारत, "जेवलास का रे?" हे तिने दोनदा अधोरेखित केलं. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या मुलीला ही भाषा नवी नव्हती. तिचे आजोबाही माया याच आवाजात करायचे. शेजाऱ्यांना भांडण वाटायचं.

माणूस एकदा सावध झाला की फार तर तीन दिवस सावध राहतो, असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं. नम्रताने आठ दिवस जाऊ दिले. मग दुकानाच्या कॉम्प्युटरमधल्या माणसांच्या यादीवर, ज्याच्या त्याच्या नावाने, दुसरा मेल गेला. "अरे गाढवा, कुठे मेलास? नव्या मालाची यादी खाली दिली आहे, ती उघडून बघ. जेवला नसशील तर आधी जेव."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना ती पायरीवर हजर होती.

"सगळे फसले, तात्या. बाराच्या बारा."

"बारा कसे?" तात्या म्हणाले. "माझी माणसं अकरा."

नम्रताने पडद्यावरची नावं पुन्हा वरून खाली मोजली. "बाराच आहेत. सगळ्यात आधी तर, मेल गेल्यावर एका मिनिटाच्या आत... रामदास."

मनूने कानामागचं पेन काढलं आणि पुन्हा कानामागे ठेवलं. तात्यांनी समोरची घडी घातलेली साडी उलगडली आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

"रामदासभाऊ इथे सव्वीस वर्षं साड्या दाखवायचे," मनू हलक्या आवाजात नम्रताला सांगू लागला. "दोन वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर आला. साडीवर कागद चिकटवायचा, तो मशीनला दाखवायचा, मग मशीन भाव सांगणार. रामदासभाऊ म्हणाले, भाव मी हात लावून सांगतो, मशीन ठेवा नाहीतर मला ठेवा. तात्या म्हणाले, मशीन राहणार. भाऊंनी चपला घातल्या. त्यानंतर ना ह्यांचा फोन, ना त्यांचा. त्याच आठवड्यात मी सगळ्यांची दुकानाची मेलची खाती उघडून ज्याच्या त्याच्या मोबाइलवर जोडून दिली होती. भाऊंचं बंद करायचं राहिलं."

नम्रताच्या अंगावर काटा आला, तो आनंदाचा. माणूस दोन वर्षांपूर्वी गेला आणि दुकानाची किल्ली अजून त्याच्या खिशात. एवढं एक वाक्य बोललं की कुठलाही मालक उभ्या उभ्या सही करतो. तिने बॅगेतून कागद काढला, तात्यांपुढे ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पायरीशी कुणीतरी चपला काढल्या. साठीच्या आसपासचे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ दारात उभे होते. आत यावं की नाही, हे पायांचं अजून ठरलेलं नव्हतं.

"बोलावलंत?" त्यांनी विचारलं.

तात्यांनी नम्रताकडे पाहिलं. नऊ गाढवं आणि सहा 'कुठे मेलास' टिपून घेतलेल्या नम्रताच्या वहीत ही नजर नव्हती. तिने लॅपटॉप मिटला.

"कालच बोलावलं," तात्या म्हणाले. "आज उगवलास."

"काल उशीर झाला होता." रामदास आत आले. "ह्या कोण?"

"गिऱ्हाईक. भवानी व्हायचीय अजून. दाखव."

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नसतं, त्यामुळे नम्रताची आता सुटका नव्हती. ती गादीवर बसली. रामदासांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"कुणासाठी, ताई?"

"आईसाठी," नम्रता म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

"घरात नेसतात की जाण्यायेण्याला? उन्हात चालणं होतं?"

पहिली साडी त्यांनी नुसती बघायला टाकली, दुसरी तिच्या हाताशी ठेवली. तिसरी आली ती मोरपंखी, बारीक काठाची. नम्रता सहा महिने दारोदार भीती विकत हिंडली होती. कुणाला न घाबरवताही विकता येतं, हे ती प्रथमच बघत होती, आणि आपण खरं गिऱ्हाईक नाही हे तिसऱ्या साडीपाशी विसरूनही गेली होती. रामदासांनी पदरावरून अंगठा फिरवला आणि भाव सांगितला. मनूने मशीन लावून पाहिलं आणि मुकाट्याने बिल केलं.

इकडे तात्यांनी नम्रताचा कागद ओढून घेतला, माणसांच्या रिकाम्या रकान्यात आधी अकरा लिहिले, ते खोडून बारा केले, खाली सही ठोकली आणि तो साडीच्या पिशवीत सरकवला. वाचला वगैरे नाही.

पिशवी घेऊन रामदास तिला पायरीपर्यंत सोडायला आले.

"ताई," त्यांनी हळूच विचारलं, "मेल तुमचा ना?"

नम्रताने मागे वळून पाहिलं. तात्या मनूवर ओरडत होते.

"कसं ओळखलंत?"

"बाकी सगळ्यांना म्हणतात. मला सव्वीस वर्षांत एकदाही गाढव म्हणाले नाहीत."

"मग उघडलात कशाला?"

रामदासांनी पिशवीचं तोंड नीट दोनदा दुमडलं आणि ती तिच्या हातात दिली.

"आईंना रंग आवडला नाही तर घेऊन या," ते म्हणाले. "बदलून देईन. मी आहे इथे."