पाठीमागचा जॅक

"बाई, हा वायर खुपसायचा जॅक पाठीमागून लावायचा? घोटाळा माझ्या चष्म्यात आहे की बोर्डात?"

शेजारच्या खुर्चीवरच्या सी हम्मादींनी हातातला हिरवा सर्किट बोर्ड रौधापुढे धरला. जन्मभर बाब सुईका पेठेत लोकांच्या दाढ्या केलेला आणि लग्नात गाऊन घसा बसवलेला हा म्हातारा, ज्याला सगळे मानानं 'सी' म्हणत, आज हौसेनं वाद्य बनवायला आला होता. रौधानं बोर्ड उलटा करून पाहिला.

बोर्ड तिचा होता.

ट्रामच्या थांब्यावर तिनं जाहिरात वाचली होती: 'पाव सुरांचं वाद्य स्वतः बनवा, युवा केंद्रात.' दुसऱ्या कुणाला तरी तेच सुचलं म्हणून बरंच वाटलं होतं तिला. दुसरं कुणी नव्हतंच. मंचावर माईक धरून लस्सद उभा होता. संगीत शिकवणारा लस्सद, तिच्या वरच्या मजल्यावरचा, ज्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्या बायकोनं, कल्थूमनं केलेला पाइनचे दाणे घातलेला चहा पीत तिनं हा बोर्ड आखला होता.

रौधा बेन अरूसमधल्या कारखान्यात बोर्डच आखायची. लिफ्टच्या बटणांचे, पाण्याच्या मीटरचे. त्यांवर नाव असायचं कंपनीचं. हा एकच बोर्ड तिनं स्वतःसाठी केला होता. एका चिपभोवती सगळं असं मांडलेलं, की त्यावरच हवं तर दर्बूकाचा ठेका वाजवा, हवं तर पेटी करा, हवं तर गाणाऱ्याचा आवाज घुमवा. कडेला मोकळी भोकं ठेवलेली, ज्याला जे सुचेल ते त्यानं जोडावं म्हणून. आणि प्रत्येक सुराला एक खटका, तो ओढला की सूर पाव उतरणार. बाजारातल्या स्वस्त पेट्यांत आपले सूर नसतात, हे लस्सदचंच रडगाणं होतं. कोपऱ्यात बारीक पांढऱ्या अक्षरांत तिनं दोघांची नावं घातली होती, आधी स्वतःचं. त्या एवढ्याशा अक्षरांचं तिला किती अप्रूप होतं.

पहिल्या खेपेला एक फजिती झाली. जॅकची आकृती तिनं खालच्या बाजूनं बघून काढली, आणि भोकं आरशातल्यासारखी उलटी पडली. जॅक पाठीमागून जोडावा लागला. लस्सद पोट धरून हसला होता. तिनं आराखडा दुरुस्त केला, पण युवा केंद्राच्या समितीला दाखवायला म्हणून पहिला लस्सदकडेच राहिला. नंतर तो तोंड पाडून म्हणाला, "समितीनं नाकारलं गं." तिनंच त्याची समजूत घातली होती.

"सी लस्सद, हा जॅक मागून का?" म्हाताऱ्यानं आता मंचाकडे बघून विचारलं.

"मुद्दाम ठेवलाय, काका. वाजवताना वायर हाताला अडत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

रौधाला संताप आला. तिची चूकसुद्धा त्यानं आपली अक्कल म्हणून खपवली होती.

थोड्या वेळानं पेनं वाटत लस्सद त्यांच्या टेबलाशी आला आणि जागीच थबकला.

"तू? इथं कशी?"

"ट्रामनं."

"मी सांगणारच होतो तुला." त्यानं आवाज खाली आणला. "त्यांना कलाकार हवा होता, कारखान्यातली बाई नको होती. भांडलो मी तुझ्यासाठी."

"नाकारलं म्हणालास."

"तुझं नाव नाकारलं. बोर्ड नाही."

"मग दुरुस्त केलेला का नाही मागितलास? माझ्याकडे पडूनच होता."

लस्सद पेनांची टोपणं चाचपत राहिला.

"मागितला असतास तर मला कळलं असतं," रौधा म्हणाली. "एवढ्यासाठी या सगळ्यांना उलटा जॅक लावायला लावलास होय रे?"

"घरी बोलू. कल्थूम जेवायला थांबलीये, तूही ये."

"नको."

तो पुढच्या टेबलाकडे गेला. सी हम्मादींना यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. "बाई, माझा तेवढा लावून द्या." तिनं दोघांचेही जॅक पाठीमागून जोडले. त्यांनी तिसरा खटका ओढून कळ दाबली. सूर पाव खाली उतरला, आणि म्हातारा त्याला धरून हलकेच गायला लागला. मग थांबून म्हणाला, "हाच. आमच्या बापाचा सूर. ज्यानं बनवलंय त्याचं भलं होवो." रौधाला रडू आवरेना. तिनं मान खाली घातली.

कोपऱ्यात दोन नावांच्या जागी आता कोरी पांढरी चौकट होती. "तिथं आपापलं नाव लिहा, वाद्य तुमचं आहे," लस्सद माईकवरून सांगत होता. म्हाताऱ्यानं आपलं लिहिलं आणि पेन तिच्यापुढे केलं. "लिहा ना."

तिनं लिहिलं. बारीक अक्षरात, पूर्वी होतं तसंच.

गुळगुळीत बोर्डावर शाई वाळत नव्हती. ट्राममध्ये बसायला जागा असूनही रौधा उभी राहिली, आणि नाव पुसलं जाऊ नये म्हणून बोर्ड घरापर्यंत तळहातावर आडवा धरून नेला.