अन्नावरचा रुसवा

पोटात दुर्बीण घालण्याआधी घशात मारलेल्या बधिर करणाऱ्या फवाऱ्याचा असर अजून उतरला नव्हता. बेकरीवाल्यानं रुमालानं ओठ पुसले आणि बधिर जिभेनं, जमेल तसं सांगून टाकलं, "आमच्याकडे जेवणच जहाल असतं, डॉक्टर. तिखटाला हिचा हात सैल आहे."

शेजारी बसलेली बायको पर्सची चेन उघडत होती, पुन्हा लावत होती. घरात तिखट बंद होऊन वर्ष उलटलं होतं.

"तिखटाचा काही दोष नाही, काका," तरुण डॉक्टरीण म्हणाली. "जंतू सापडलाय. त्यानंच अल्सर झालाय. आपल्या पोटात 'आम्ल सोडा' म्हणणारं एक हार्मोन असतं आणि 'बास' म्हणणारं दुसरं. जंतूंनी तुमचं ते दुसरं दाबून टाकलंय. मग आम्ल सुटतच राहतं. काही खाल्लं की तेवढ्यापुरतं बरं वाटत असेल."

बेकरीवाल्यानं मान डोलावली. ट्रेमधून जाता येता बिस्किटं तोंडात टाकायची सवय तिला कशी कळली, याचं त्याला नवल वाटलं.

"हा जंतू एका घरात दोघांनाही असतो बरेचदा. काकू, तुमचं पोट?"

"दुखत नाही काही."

"दुखायला आधी जेवावं लागतं," बेकरीवाला हसला. "ही कायम अन्नावर रुसलेली. समजूत काढावी तेव्हा दोन घास."

हे तो दुकानात सगळ्यांना सांगायचा आणि सगळे हसायचे. डॉक्टरीण हसली नाही. ती उठली, बायकोची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली, मग नखं पाहिली.

"जिना चढताना धाप लागते?"

बायकोनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. "लागते थोडी."

पुढच्या आठवड्यात तिच्याही घशात फवारा मारला गेला. तो बाहेर बाकावर बसून राहिला. अहवाल आले तेव्हा डॉक्टरिणीनं दोघांना समोर बसवलं. बायकोलाही तोच जंतू होता.

"मग हिला जळजळ कशी नाही?" त्यानं विचारलं. आवाजात थोडी तक्रारच होती.

"तुमच्या पोटात तो खालच्या भागात आहे. काकूंच्या पोटात वरपर्यंत पसरलाय. 'आम्ल सोडा, आम्ल सोडा' अशा हाका तिथंही चालूच आहेत, उलट जास्तच, पण आम्ल तयार करणाऱ्या पेशीच झिजल्यात. आम्ल नाही म्हणून अन्नातलं लोह अंगी लागत नाही, रक्त कमी पडतं, म्हणून ती धाप. भूक लावणारं हार्मोनही तिथूनच येतं, तेही कमी पडलं असणार." ती बायकोकडे वळली. "भूक लागत नाही ना तुम्हाला?"

"सगळ्यांना लागते तशी नाही लागत," बायको म्हणाली. "पानावर बसलं की पोट भरल्यासारखं होतं."

बेकरीवाला टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. जावयाच्या घरची मंडळी पहिल्यांदा जेवायला आली होती, तो दिवस त्याला आठवला. बायकोनं ताट बाजूला सारलं होतं. विहीणबाईंसमोर तो मोठ्यानं म्हणाला होता, माझ्या कष्टाचं अन्न हिला गोड लागत नाही. तिनं मान खाली घालून सगळं संपवलं होतं, शेवटच्या कणापर्यंत. मग मोरीतून ओकण्याचा आवाज आला आणि त्यानं पाहुण्यांकडे बघून डोळे फिरवले होते, बघा, नाटकं.

गोळ्या दोघांना सारख्याच मिळाल्या, तिला लोहाच्या जास्तीच्या. दुकानात दोघं एकाच तांब्यातलं पाणी घेऊन त्या गिळायचे. त्याची जळजळ कमी होत गेली. जिन्यात तो आता तिच्या मागून चढायचा, सावकाश, आणि ती थांबली की उगाच भिंतीचा रंग बघायचा.

एका दुपारी दुकान रिकामं होतं. बरेच दिवस ओठांशी आलेलं त्यानं विचारून टाकलं.

"भूक लागत नाही हे मला सांगायचं नाही का कधी?"

ती बरणीत बिस्किटं रचत होती. हात थांबले नाहीत.

"सांगितलं होतं की."

"कधी?"

"एकदा तुम्ही भट्टीपाशी होतात. एकदा जेवताना."

त्यानं आठवून पाहिलं. काहीच हाती लागेना.

"मग? मी काय म्हणालो?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. ती सांगणार एवढ्यात दारात पलीकडच्या गल्लीतले म्हातारे गृहस्थ आले. त्यांना पाव हवा होता, कापून.

"मी देतो," म्हणत बेकरीवाला घाईनं पुढं झाला. त्यानं सुरी घेतली आणि अगदी पातळ, एकसारखे काप पाडायला लागला. कापता कापता त्यानं गृहस्थांच्या गुडघ्यांची चौकशी केली. डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं ते विचारलं. रात्री झोप लागते का, तेही विचारलं. म्हातारे खुश होऊन सगळं सविस्तर सांगू लागले.

बायको बरणीवर हात ठेवून ऐकत उभी होती.